एडवर्डकाळातल्या इंग्लंडमध्ये कामगारांच्या घरांची आरोग्य तपासणी कशी चालायची

सातवा एडवर्ड १९०१ मध्ये गादीवर आला आणि १९१० मध्ये वारला. त्याच्या नावाचा काळ इतिहासकार सहसा १९१४ पर्यंत ओढतात. या काळात इंग्लंडमध्ये घरांविषयीच्या कायद्यांची वानवा नव्हती. १८७५ चा सार्वजनिक आरोग्य कायदा होता, १८९० चा कामगारांच्या घरांचा कायदा होता, लंडनपुरता १८९१ चा वेगळा कायदा होता आणि शेवटी १९०९ चा गृहनिर्माण व नगररचना कायदा आला. कामगारवस्तीतल्या घरात दोष शोधणं तर मुळीच कठीण नव्हतं. खरी पंचाईत दोष सापडल्यावर व्हायची. त्यामुळे तपासणी कशी व्हायची हे पाहताना ती कुठे अडायची हेही सोबत पाहावं लागतं.

कोण यायचं आणि कोणत्या अधिकाराने

१८७५ च्या कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला दोन माणसं नेमणं सक्तीचं केलं. एक आरोग्य अधिकारी, म्हणजे डॉक्टर, आणि दुसरा उपद्रव निरीक्षक. लंडनमध्ये १८९१ नंतर या दुसऱ्याला सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हणू लागले; बाकी देशात कागदोपत्री जुनंच पद चालू राहिलं. डॉक्टर कार्यालयात बसून अहवाल लिहायचा, मृत्यूंचे आकडे मांडायचा आणि गंभीर प्रकरणात स्वतः घर पाहायचा. रोज दारोदार फिरायचा तो इन्स्पेक्टर. यातले कितीतरी जण मूळचे प्लंबर, गवंडी किंवा सुतार होते, आणि कामाच्या दृष्टीने ते चांगलंच होतं. भिंतीत ओल कुठून चढते हे पुस्तकापेक्षा गवंड्याला लवकर कळतं. १८९० च्या दशकापासून महिला इन्स्पेक्टरही आल्या. त्यांच्याकडे मुख्यतः बायका काम करत ते कारखाने आणि तान्ह्या मुलांची घरं असायची.

सगळ्या कारवाईचा पाया म्हणजे १८७५ च्या कायद्याचं ९१ वं कलम. ‘उपद्रव’ कशाला म्हणायचं ते त्यात सांगितलं आहे. आरोग्याला अपायकारक स्थितीतलं घर, घाण झालेला संडास, मोरी, गटार किंवा खड्डा, नीट न ठेवलेली जनावरं, साचलेला कचरा आणि माणसांची दाटी, हे सगळं त्यात येतं. दाटी एकाच कुटुंबाची असली तरी ती उपद्रवच, असं कायदा स्पष्ट म्हणतो. ‘आमचीच पोरं आहेत’ हे उत्तर चालत नसे.

घरात शिरण्याची वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६. मालकाने किंवा भाडेकरूने नकार दिला तर न्यायाधीशाचा हुकूम आणावा लागे. प्रत्यक्षात तशी वेळ क्वचितच यायची. पण वेळेची ही मर्यादा पुढे दाटी मोजताना फार नडायची, कारण माणसं झोपतात रात्री.

भेटीची कारणं तीन. शेजाऱ्याची किंवा भाडेकरूची तक्रार; घरात देवी, घटसर्प, स्कार्लेट फीव्हर, विषमज्वर यांसारखा रोग निघाल्याची डॉक्टरची सूचना; किंवा एखादी गल्ली ओळीने तपासायची ठरणं. रोगाची सूचना देणं १८९९ पासून सगळ्या देशात सक्तीचं झालं. खाजगी रुग्णामागे डॉक्टरला अडीच शिलिंग मिळायचे. घरापर्यंत पोचण्याची सर्वांत भरवशाची वाट हीच होती. तक्रार करणारा भाडेकरू घराबाहेर काढला जाण्याच्या भीतीने गप्प बसायचा, पण घटसर्प लपून राहत नसे.

घरात काय पाहायचे

१९१० साली सरकारने तपासणीचे नियम काढले आणि कोणत्या गोष्टी पाहायच्या ते ठरवून दिलं. पिण्याचं पाणी दूषित होऊ नये म्हणून काय सोय आहे, संडास किती आणि कसे, सांडपाण्याची व्यवस्था, उजेड, हवा, ओल आणि स्वच्छता, अंगणाची फरसबंदी आणि निचरा, राख व कचरा टाकायची जागा, जमिनीखालची झोपायची खोली, आणि याखेरीज काही अपायकारक असेल तर तेही. प्रत्येक घराची नोंद ठेवायची. पत्ता, मालकाचं नाव, तपासणाऱ्याचं नाव, तारीख, आधीची तपासणी कधी झाली, नोटीस दिली का आणि पुढे काय झालं. त्याआधी चांगल्या शहरांत हे होतच होतं. ढिसाळ शहरांत इन्स्पेक्टरच्या खिशातल्या वहीत जे असेल तेवढंच.

बाहेरून सुरुवात केली की आतलं निम्मं कोडं सुटतं. पागोळीची पन्हळ तुटलेली असली आणि उभा पाइप भिंतीला चिकटून गळत असला, तर आत त्याच रेषेत ओलीचा डाग मिळणारच. डाग वरून खाली आलेला असेल तर छप्पर किंवा पन्हळ पाहायची. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सारखा पट्टा असेल तर पाया पाहायचा. नवीन घरांना भिंतीच्या तळाशी ओल अडवणारा थर घालणं १८७७ च्या नमुना उपविधींपासून, म्हणजे स्थानिक संस्थांनी वापरावेत म्हणून सरकारने दिलेल्या नमुना नियमांपासून, अपेक्षित होतं. सिमेंटमध्ये बसवलेल्या स्लेटच्या पाट्या, शिशाचा पत्रा किंवा डांबर वापरत. जुन्या घरांत हा थर नसेच. असला तरी अंगणात मातीचा आणि राखेचा भराव वाढत वाढत थराच्या वर चढलेला असे, आणि ओल त्याला वळसा घालून आत येई. यावर उपाय स्वस्त. भराव काढा. मालकाला कळायला मात्र नोटीस लागायची.

त्याच नमुना उपविधींत उजेडाचं मापही होतं. खिडकीचं क्षेत्रफळ जमिनीच्या किमान एक दशांश, आणि त्यातली निम्मी खिडकी उघडता आली पाहिजे. घरामागे किमान १५० चौरस फूट मोकळी जागा हवी, आणि समोरच्या बांधकामापर्यंतचं अंतर घराच्या उंचीप्रमाणे १० फुटांपासून २५ फुटांपर्यंत वाढायला हवं. अडचण एवढीच की हे सगळं नव्या घरांसाठी होतं. १८४० साली बांधलेल्या घराला ते लागू करता येत नसे, आणि इन्स्पेक्टर फिरायचा तो मुख्यतः अशाच घरांत.

तळघरांचे नियम जास्त काटेकोर होते. तळघर स्वतंत्र घर म्हणून भाड्याने द्यायचं तर सगळीकडे किमान ७ फूट उंची हवी, त्यातली ३ फूट रस्त्याच्या पातळीच्या वर हवी, समोर अडीच फूट रुंद मोकळा खड्डा हवा, चुलीला धुराडं हवं आणि चौकट सोडून किमान ९ चौरस फुटांची खिडकी हवी. मालक यातून पळवाट काढायचे. तळघर वेगळं न देता वरच्या खोलीसोबत द्यायचं, म्हणजे ते ‘स्वतंत्र घर’ राहत नाही. १९०९ च्या कायद्याने ही फट बुजवायचा प्रयत्न केला. रस्त्यापेक्षा ३ फुटांहून खोल जमीन असलेली झोपायची खोली सरासरी ७ फूट उंच नसेल, किंवा उजेड-हवेचे स्थानिक नियम पाळत नसेल, तर ती राहण्यास अयोग्य धरायची.

संडासांचे प्रकार शहरागणिक वेगळे. उत्तरेकडच्या गिरणीगावांत राखेच्या खड्ड्यावरचे जुने संडास, काही ठिकाणी डब्याचे संडास, तर लँकशायरमध्ये स्वयंपाकघराचं सांडपाणी साठवून ठरावीक वजन झालं की आपोआप उलटणाऱ्या भांड्याचे संडास. अंगणातला एकच संडास तीन-चार घरांत असला की तो कोणी धुवायचा यावर भांडणं ठरलेली. नॉटिंगहॅमचे आरोग्य अधिकारी डॉ. फिलिप बूबायर यांनी विषमज्वराचे रुग्ण संडासाच्या प्रकाराप्रमाणे मांडून दाखवले. डब्याच्या आणि खड्ड्याच्या संडासांच्या घरांत ताप जास्त, फ्लशच्या घरांत कमी. नगरपालिकेला पैसा खर्चायला लावायचा तर अशीच मांडणी उपयोगी पडायची.

मोरी आणि ड्रेनेजची परीक्षा

ट्रॅप म्हणजे पाइपचा असा वाकडा भाग, ज्यात पाणी साचून राहतं आणि गटाराची हवा अडवतं. सिंकच्या पाइपने बाहेर उघड्यावर, गली ट्रॅपच्या म्हणजे अंगणातल्या मोरीच्या ट्रॅपच्या वर पाणी सोडायला हवं. जुन्या घरांत तो थेट ड्रेनला जोडलेला असे. मोरीच्या तोंडाशी घंटेच्या आकाराचा ट्रॅप असायचा. त्याची जाळी उचलली की जाळीला चिकटलेली घंटाही वर येते आणि पाण्याचं बूच नाहीसं होतं. पाणी तुंबलं की घरची बाई जाळी उचलून बाजूला ठेवणारच. म्हणजे ट्रॅप नीट वापरला तर तुंबतो आणि तुंबू नये म्हणून वापरला तर ट्रॅप राहत नाही. इन्स्पेक्टर तो पाहताक्षणी बदलायला सांगे.

पिण्याच्या पाण्याच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाइप कुठे जातो हेही पाहावं लागे. तो मैल्याच्या पाइपला जोडलेला असला तर ड्रेनची हवा थेट पिण्याच्या पाण्यावर.

ड्रेन तपासायच्या तीन पद्धती होत्या. सर्वांत साधी पेपरमिंटची. सुमारे दोन औंस पेपरमिंट तेल व्हेंट पाइपच्या, म्हणजे ड्रेनची हवा छपरावर सोडणाऱ्या पाइपच्या, वरच्या तोंडातून किंवा संडासात ओतायचं, त्यावर बादलीभर गरम पाणी. आत थांबलेला दुसरा माणूस खोल्यांतून वास घेत फिरतो. तेल ओतणाऱ्याने मात्र घरात पाऊल टाकायचं नाही, कारण वास त्याच्या हाताला आणि कपड्यांना लागलेला असतो. चूक इथेच व्हायची, आणि एकदा घरभर वास पसरला की त्या दिवशी परीक्षा पुन्हा घेता येत नसे.

धुराची परीक्षा जास्त विश्वासार्ह. भाता लावलेल्या यंत्रात तेलकट चिंध्या किंवा तपकिरी कागद जाळायचा आणि नळी इन्स्पेक्शन चेंबरमध्ये, म्हणजे ड्रेन तपासायच्या खड्ड्यात, घालून बाजूने बंद करायची. आधी सगळ्या ट्रॅपमध्ये पाणी आहे ना ते पाहायचं. भाता चालवत राहायचं. छपरावरच्या व्हेंट पाइपमधून धूर दिसला की ते तोंड ओल्या फडक्याने बुजवायचं. मग घरातली दारं-खिडक्या लावून संडासाच्या बुडाशी, सिंकखाली आणि फळ्यांच्या फटींत पाहायचं. भाता जोरात मारला तर ट्रॅपमधलं दोन-तीन इंच पाणीच मागे ढकललं जातं आणि चांगला ट्रॅपही नापास ठरतो. घाईच्या माणसाचं हे काम नव्हतं.

तिसरी पाण्याची. खालचं तोंड रबरी बुचाने बंद करून ड्रेन भरायचा, कोरडे पाइप पाणी पिऊन घेईपर्यंत थांबायचं आणि मग पातळी उतरते का ते पाहायचं. नवीन कामासाठी ही योग्य. जुन्या ड्रेनचे सांधे चिकणमातीने भरलेले असायचे, ते या परीक्षेत बहुधा नापासच. म्हणून मालकाचे वकील पाण्याच्या परीक्षेला कोर्टात हमखास आव्हान द्यायचे.

या सगळ्या खटाटोपामागे एक भीती होती, गटाराच्या वायूने रोग होतात ही. जंतुशास्त्राने तोवर या समजुतीचा पाया बराच खिळखिळा केला होता, तरी इन्स्पेक्टरचं शिक्षण अजून तिच्यावरच उभं होतं. पण फुटका ड्रेन दुरुस्त करून घेण्याने नुकसान काहीच झालं नाही. गळणारा मैला जमिनीत आणि विहिरीत जातो, फुटक्या सांध्यातून उंदीर येतात. कारण चुकीचं असलं तरी काम बरोबर होतं.

जमीन खोदायची तर १८७५ च्या कायद्याचं ४१ वं कलम लागे. कोणाचा तरी लेखी अर्ज, मग २४ तासांची नोटीस. खोदल्यावर ड्रेन ठीक निघाला तर बुजवण्याचा खर्च स्थानिक संस्थेच्या माथी. त्यात आणखी एक गोची. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे एका घराचा पाइप म्हणजे ड्रेन, तो मालकाने दुरुस्त करायचा. दोन किंवा जास्त घरांचा एकत्र पाइप म्हणजे सार्वजनिक गटार, ते संस्थेने दुरुस्त करायचं. ओळीने बांधलेल्या घरांच्या मागून बहुधा एकच पाइप जायचा. इन्स्पेक्टर मालकाला नोटीस द्यायचा, फरसबंदी उचलली की शेजारच्या घराचा जोड दिसायचा, आणि बिल नगरपालिकेकडे फिरायचं. १८९० च्या दुरुस्तीने वेगवेगळ्या मालकांच्या घरांपुरती वसुलीची सोय केली, पण वाद संपले नाहीत.

दाटीचं गणित

जनगणनेत एका खोलीत दोनहून जास्त माणसं म्हणजे दाटी. इन्स्पेक्टर मात्र घनफूट मोजायचा. भाड्याने खोल्या दिलेल्या घरांसाठीच्या उपविधींत सामान्यतः फक्त झोपायच्या खोलीत प्रौढामागे ३०० घनफूट आणि दहा वर्षांखालच्या मुलामागे १५० घनफूट धरत. तीच खोली दिवसाही वापरात असेल तर ४०० आणि २००.

१२ फूट लांब, १० फूट रुंद आणि साडेआठ फूट उंच खोली घ्या. १,०२० घनफूट होतात. नवरा, बायको आणि चार लहान मुलं. फक्त झोपायची खोली असेल तर ६०० आणि ६०० मिळून १,२०० हवेत, म्हणजे १८० कमी. तिथेच स्वयंपाकही होत असेल तर १,६०० हवेत, आणि खोली एक तृतीयांशाहून जास्त अपुरी पडते. हे माप फार उदार होतं असंही नाही. साडेआठ फुटी छताखाली ३०० घनफूट म्हणजे जमिनीवर साधारण सात फूट बाय पाच फूट. शिवाय छत उंच असलं की जमीन तेवढीच असूनही जास्त माणसं कायदेशीर ठरतात, आणि बंद खिडकी या हिशेबात येतच नाही.

स्कॉटलंडमध्ये ग्लासगोने याहून कडक मार्ग घेतला. तीन खोल्यांपर्यंतच्या आणि २,००० घनफुटांच्या आतल्या घरांच्या दारावर धातूची पट्टी ठोकायचे. तिच्यावर घनफूट आणि किती प्रौढ राहू शकतात ते कोरलेलं. १८९० नंतर प्रौढामागे ४०० घनफूट. अशी घरं वीस हजारांच्या वर होती. तिथे इन्स्पेक्टर रात्री साडेअकरा ते पहाटे पाच या वेळात येऊन माणसं मोजायचे. पावलं वाजली की पोटभाडेकरू कपाटात, खाटेखाली, प्रसंगी छपरावर. नियम मोडला तर दंड कुटुंबाला, आणि ज्याला दंड व्हायचा त्याला मोठी खोली परवडत नव्हती म्हणूनच तो पोटभाडेकरू ठेवायचा. अख्ख्या तपासणीव्यवस्थेतली सर्वांत अन्यायाची जागा मला ही वाटते.

नोटीस आणि त्यानंतर

आधी साधी चिठ्ठी. कितीतरी किरकोळ दोष तेवढ्यावरच निघत. नाही निघाले तर संस्थेच्या मंजुरीने ९४ व्या कलमाखाली नोटीस, तिच्यात काम आणि मुदत स्पष्ट लिहिलेली. दोष बांधकामातला असेल तर ती मालकावर. मालक कोण हा प्रश्न कायद्याने हुशारीने सोडवला होता. जो पूर्ण भाडं गोळा करतो तो मालक, मग तो स्वतःसाठी करो की दुसऱ्याचा दलाल म्हणून. त्यामुळे लंडनला राहणाऱ्या मालकामागे धावायला नको, दर सोमवारी भाडं न्यायला येणाऱ्या माणसाच्या हातात कागद ठेवला की झालं. त्यानंतर न्यायालय, ५ पौंडांपर्यंत दंड, आणि हुकूम मोडल्यास रोज १० शिलिंगपर्यंत. दाटीबद्दल तीन महिन्यांत दोनदा शिक्षा झाली तर घर बंद करण्याचाही अधिकार न्यायालयाला होता.

घर दुरुस्तीपलीकडे गेलेलं असेल तर १८९० चा कायदा. आरोग्य अधिकारी ते मानवी वस्तीस अयोग्य असल्याचं लिहून देतो. आसपासच्या चार गृहस्थांना एकत्र येऊन तशी लेखी मागणीही करता येई. बंदीचा हुकूम मात्र न्यायाधीशाकडून आणावा लागे. १९०९ पासून तो थेट स्थानिक संस्था काढू लागली आणि मालकाचं अपील स्थानिक शासन मंडळाकडे, म्हणजे केंद्र सरकारच्या खात्याकडे, जाऊ लागलं. राहणाऱ्याला जागा सोडायला किमान १४ दिवस. हुकूम लागू होऊन तीन महिने झाले तरी मालकाने घर राहण्याजोगं केलं नाही, तर पाडण्याचा विचार. १९०९ च्याच कायद्याने स्वस्त घर भाड्याने देताना ते राहण्याजोगं असल्याची हमी गृहीत धरली. मर्यादा लंडनमध्ये वर्षाला ४० पौंड, पन्नास हजारांवरच्या शहरांत २६ आणि इतरत्र १६. २६ पौंड म्हणजे आठवड्याला १० शिलिंग, तेव्हा बहुतेक कामगारांची घरं यात बसत. पाठीला पाठ लावून बांधलेली, मागे खिडकी नसलेली घरं नव्याने बांधायलाही बंदी आली. लीड्समध्ये आधी मंजूर झालेल्या आराखड्यांच्या आधारे ती पुढे १९३७ पर्यंत बांधली जात राहिली.

मग अडायचं कुठे? चौदा दिवसांत माणूस जातो कुठे, इथे. तो शेजारच्या गल्लीत जातो आणि तिथली दाटी वाढवतो. लंडनच्या पूर्व भागातली ओल्ड निकोल ही गरीब वस्ती पाडून काउंटी कौन्सिलने नवीन बाउंड्री इस्टेट उभी केली, १९०० मध्ये तिचं उद्घाटन झालं. ५,७०० च्या वर माणसं हलवली गेली. त्यांतली ११ नव्या घरांत परत आली. भाडं परवडणारं नव्हतं. हे आरोग्य अधिकाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून घर बंद करायला त्यांचा हात कचरायचा. दुसरं कारण त्यांनी उघडपणे लिहायचं नसे. घरमालक नगरपालिकेत निवडून आलेले असत, आणि लंडनबाहेर अनेक अधिकाऱ्यांच्या नोकऱ्या त्यांच्याच मर्जीवर होत्या.

बर्मिंगहॅममध्ये जे. एस. नेटलफोल्ड यांच्या समितीने १९०१ पासून मधला मार्ग काढला. पाडण्याऐवजी बंदीचा धाक दाखवून मालकाकडून दुरुस्ती करून घ्यायची, आणि अंगणाची एक बाजू मोकळी करून रस्त्याकडून हवा आणायची. टीकाकार याला मलमपट्टी म्हणाले. होतीच ती, पण भाडेकरू जागेवर राहिला.

याच सुमारास ही पद्धत मुंबईतही आली, पण तिच्यातला नोटिशीचा आणि वेळेचा भाग बऱ्याच अंशी गळून. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत घरांवर ‘यू. एच. एच.’ ही अक्षरं रंगवली जात. मानवी वस्तीस अयोग्य या इंग्लंडच्या कायद्यातल्या शब्दांची ती आद्याक्षरं. पुण्यात रँडच्या समितीने १८९७ मध्ये घरझडतीला सैनिक लावले. १८९८ ची मुंबईची इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, म्हणजे शहरसुधारणेची संस्था, ग्लासगोच्या ट्रस्टच्या धर्तीवर होती. पुढे तिचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी लंडनच्या १८९४ च्या बांधकाम कायद्यातला साडेत्रेसष्ट अंशांचा नियम मुंबईच्या चाळींसाठी लावून धरला. खोलीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांत काढलेली रेषा समोरच्या इमारतीला लागता कामा नये, म्हणजे समोरची इमारत जेवढी उंच, तिच्या निम्मं अंतर मोकळं हवं. चार मजली, चाळीस फुटी चाळीसमोर वीस फूट. मांडवी-भुलेश्वरच्या घरगल्ल्या काही ठिकाणी हातभर रुंद होत्या.